उन्हात तापवलेले पाणी: काय मरते, काय उरते

उन्हाळ्यात विहिरी तळाला गेल्या की घरोघरी हगवण आणि विषमज्वर येतात. पाणी उकळून प्या, असे सगळेच सांगतात. पण सरपण कमी, गॅस महाग, म्हणून हंडा तसाच माठात रिकामा होतो. वाडीतल्या आयाबहिणींची ही अडचण आम्ही जाणतो.

पाणी निर्धोक होण्यासाठी खळखळा उकळावेच लागते असे नाही. दूध ६३ अंशांवर ३० मिनिटे धरतात, तेवढ्याने रोगजंतू मरतात. पाण्यातले हगवणीचे आणि विषमज्वराचे जंतूही तेवढ्याने मरतात. काचेच्या झाकणाची सौर चूल घरात असेल तर काळ्या रंगाच्या, झाकणाच्या डब्यात दोन लिटर पाणी सकाळीच उन्हात ठेवावे. ६३ अंश ओळखायचे कसे? मधमाशांचे शुद्ध मेण याच सुमारास वितळते. काचेच्या नळीत थोडे मेण घालून तोंड पक्के बंद करावे व मेण वरच्या टोकाला राहील अशी ती डब्यात उभी ठेवावी. मेण खाली उतरले की आणखी तासभर झाकण काढू नये. बाजारची मेणबत्ती मात्र नको, तिचे मेण बरेचदा आधीच वितळते.

चूल नसेल तर पारदर्शक बाटलीत निवळ पाणी भरून सहा तास कडक उन्हात आडवे ठेवावे. आभाळ असेल तर दोन दिवस. बैरूतच्या विद्यापीठातील आफ्तिम आक्रा यांनी १९८०च्या सुमारास हे दाखवून दिले. बायबलातल्या देवदारांचा लेबानोन तो हाच. गढूळ पाण्यात ऊन शिरत नाही, तेव्हा आधी निवळून, गाळून घ्यावे. पावसाळ्यात मात्र चुलीवरच उकळावे.

पण ऊन जंतू मारते, क्षार काढत नाही. हैदराबादच्या तारनाक्यावरील राष्ट्रीय पोषण संस्थेच्या संशोधकांनी १९७३ साली फ्लोराइडग्रस्त गावांतील मुलांचे गुडघे आत वळल्याचे जगापुढे मांडले. ते पाणी दिसायला निवळशंख असते. तापवून फ्लोराइड जात नाही. उलट पाणी आटले तर प्रमाण वाढते. त्यासाठी नागपूरच्या नीरी संस्थेने तुरटी व चुन्याची रीत काढली, तिला नालगोंडा जिल्ह्याचेच नाव आहे. आपल्याकडे यवतमाळ, चंद्रपूर भागांतही हा दोष आढळतो. तेव्हा नवी बोअर मारली की लेकरांना पाजण्याआधी तिचे पाणी सरकारी प्रयोगशाळेत तपासून घ्यावे. फ्लोराइड लिटरमागे दीड मिलिग्रॅमवर निघाले तर ती बोअर पिण्यासाठी वापरू नये, बागेला खुशाल लावावी.