साठाव्या श्वासाआधी

दक्षिणेकडे निघालेली वैनगंगा चामोर्शी तालुक्यात अचानक वळते आणि काही अंतर चक्क उत्तरेकडे वाहते. त्या वळणावर मार्कंड्याची देवळं उभी आहेत. महाशिवरात्रीला इथे मोठी जत्रा भरते. कथा घराघरात ठाऊक आहे: सोळाच वर्षांचं आयुष्य घेऊन आलेला मार्कंडेय शिवलिंगाला मिठी मारून बसला आणि यमाला आपला पाश आवरता घ्यावा लागला.

लेकरू मृत्यूच्या हातून सुटल्याची ही कथा जिथे सांगितली जाते, त्याच गडचिरोली जिल्ह्यात मृत्यूला मागे रेटण्याचं एक काम आपल्या हयातीत घडलं आहे. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने ज्या गावांत मोजदाद केली, तिथे १९८८ साली जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी १२१ बाळं वर्षाच्या आत दगावत होती. २००३ पर्यंत हा आकडा ३० वर आला. मधल्या पंधरा वर्षांत त्या गावांत ना मोठं इस्पितळ उभं राहिलं, ना काचेच्या पेट्या आल्या.

सुरुवात झाली ती एका मुलाच्या मनातल्या ठरावाने. अभय बंग सेवाग्रामच्या वातावरणात वाढले. मोठा भाऊ अशोक आणि त्यांनी लहानपणीच कामं वाटून घेतली होती: अशोकने शेती सुधारायची, अभयने गावाचं आरोग्य. असे बेत त्या वयात पुष्कळ मुलं करतात. थक्क करतं ते पुढचं. अभय डॉक्टर झाले, त्यांच्या पत्नी राणीताई स्त्रीरोगतज्ज्ञ झाल्या. दोघांनी अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेतलं आणि १९८६ मध्ये ते गडचिरोलीत येऊन राहिले. कळकळ तर होतीच. तिच्या जोडीला त्यांनी संशोधकाची शिस्त आणली: आधी मोजायचं, मग उपाय करायचा, आणि उपाय लागू पडला की नाही हे पुन्हा मोजायचं. राणीताईंनी दोन गावांतल्या ६५० बायका तपासल्या तेव्हा ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग निघाले. दवाखान्यात बसून हे कधीच कळलं नसतं, कारण त्या बायका दवाखान्यात येतच नव्हत्या.

बाळांच्या बाबतीत मोजणीतून न्यूमोनिया हा मोठा मारेकरी म्हणून समोर आला. न्यूमोनिया ओळखायची खूण सोपी आहे. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा श्वास मिनिटाला साठ किंवा त्याहून जास्त झाला, की धोका. पण गावातल्या दाईला साठपर्यंत मोजता येत नसेल तर? घड्याळ नसेल तर? त्यासाठी एक साधं यंत्र तयार झालं. एका मिनिटाची वाळूची घटिका आणि शेजारी तारेत ओवलेले मणी. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत हात लाल मण्यापर्यंत पोचला, तर बाळाला औषध हवं. शाळेची पायरी न चढलेल्या दाईच्या हाती निदान आलं! मला तरी मार्कंड्याच्या देवळांवरच्या कोरीव शिल्पांइतकीच ही कारागिरी अचंब्याची वाटते.

पुढचा टप्पा याहून धाडसाचा होता. ३९ गावांतल्या, थोडंफार शिकलेल्या बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं गेलं. बाळ जन्मलं की त्या घरी जायच्या, आणि मग ठरलेल्या दिवशी पुन्हा पुन्हा. तापमान बघायचं, ताणकाट्यावर वजन करायचं, श्वास मोजायचा, बाळ उबेत आहे ना, दूध नीट ओढतं ना हे पाहायचं आणि सगळं लिहून ठेवायचं. रक्तात जंतुसंसर्ग झाल्याच्या खुणा दिसल्या तर जेंटामायसिनचं इंजेक्शनही त्यांनीच द्यायचं. पूर्वी असा संसर्ग झालेल्या शंभरातली सोळा-सतरा बाळं दगावत, उपचार सुरू झाल्यावर तीनच्याही आत. शेजारच्या ४७ गावांत हा प्रयोग नव्हता, म्हणून तुलना करता आली. तिसऱ्या वर्षी नवजात बालमृत्यू सुमारे ६२ टक्क्यांनी घटले होते. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने हे निष्कर्ष छापले. हिशेब सांगतो, की सांभाळलेल्या दर अठरा बाळांमागे एक मृत्यू टळला.

या आकड्यांमागे पावसातली वाट आहे, रात्रीची हाक आहे. आठवडाभर बाळ ठणठणीत असलं तरी पुढच्या भेटीला काटा घेऊन जाणं आहे. उत्साह पहिल्या महिन्यात सगळ्यांकडे असतो. शंभराव्या बाळाचा श्वासही पूर्ण मिनिटभर मोजणं, त्याला निष्ठा म्हणावं.

हीच शिस्त अभय बंगांनी स्वतःलाही लावली. १९९५ मध्ये, चव्वेचाळिसाव्या वर्षी, त्यांना हृदयविकाराने गाठलं. तेव्हा त्यांनी आपला आहार, व्यायाम, झोप आणि मनावरचा ताण संशोधकाच्या नजरेने तपासला, बदल केले आणि परिणाम पाहिला. ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ हे त्यांचं पुस्तक त्यातून आलं. ‘उद्यापासून चालायला जाईन’ असं आपण सगळेच म्हणतो. रुग्णाची जशी नोंद ठेवतात तशी स्वतःची ठेवायला मात्र क्वचितच कुणी तयार होतो.

३९ गावांतली ही पद्धत २०११ मध्ये देशभरच्या आशाताईंच्या कामात आली. बाळ इस्पितळात जन्मलं असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी त्या घरी येतात. घरीच जन्मलं असेल तर पहिल्या दिवशीही. तुमच्या घरी आल्या, तर त्यांना दारातून परत पाठवू नका. आत बोलवा, बाळाचे कपडे सैल करा आणि पूर्ण एक मिनिट त्यांना श्वास मोजू द्या.