परीक्षकाचा तिसरा प्रश्न

पहाटे साडेपाच. घर जागं व्हायच्या आत जर्नलचं पत्र पुन्हा वाचते. 'मेजर रिव्हिजन', म्हणजे नकार नाही आणि होकारही नाही. पेपर बीडकडच्या गावांमधल्या गरोदर बायकांच्या रक्तक्षयाचा.

साडेआठ ते एक, ओपीडी.

सव्वाएक. डबा खाताना पीजी विद्यार्थिनीबरोबर उत्तरं लिहायला घेतो. परीक्षकाचा प्रत्येक प्रश्न जसाच्या तसा उतरवायचा, खाली उत्तर, मजकुरात कुठे काय बदललं त्याचा पान-ओळ क्रमांक. रक्त बोटातून घेतलं की शिरेतून? रास्त प्रश्न, दोन्हींत हिमोग्लोबिन थोडं वेगळं येऊ शकतं, आणि इथे ११ ग्रॅमच्या रेषेवर निदान ठरतं.

दोन. तिसरा प्रश्न: दुसऱ्या तपासणीला ज्या भेटल्या नाहीत, त्या कोण होत्या? 'मॅडम, मर्यादांमध्ये एक ओळ टाकू,' ती म्हणते. मला ते पटत नाही. दिवाळीनंतर त्या ऊसतोडीला गेल्या, पोटुशा असताना कोयता घेऊन. मागे राहिलेल्यांपेक्षा त्या अधिक गरीब, अधिक अशक्त असतील, तर त्यांना वगळून काढलेला आकडा खऱ्याहून सौम्य दिसणार. अशा आकड्यावर गोळ्यांचं नियोजन होतं. त्यांच्या पहिल्या तपासणीच्या नोंदी आहेतच. वय, जमीन, हिमोग्लोबिन; गेलेल्या आणि राहिलेल्या, शेजारी शेजारी मांडायच्या. निरीक्षणात्मक अभ्यास कसे मांडावेत हे सांगणाऱ्या 'स्ट्रोब'च्या २२ मुद्द्यांच्या यादीतही गळालेल्यांची संख्या आणि कारणं मागितलेली आहेतच.

चार. कारणं पडताळायला आशाताईंना फोन. 'टोळीबरोबरच गेली ती, मॅडम. मीच कार्ड बरोबर दिलं होतं.'

साडेपाच. विद्यार्थिनी विचारते, एवढ्याशा गावांचं कोण वाचणार? तिला डॉ. राणी आणि अभय बंग यांचा १९८९चा 'लॅन्सेट'मधला पेपर काढून देते. गडचिरोलीतली दोन गावं, ६५० स्त्रिया. ९२ टक्के जणींना स्त्रीरोग. खेड्यातल्या बाईच्या दुखण्याला जगाच्या आरोग्यचर्चेत जागा मिळाली, कारण तपासणी पक्की होती.

रात्री नऊ. नवा तक्ता तयार. निष्कर्षातलं 'जिल्ह्यातील गरोदर स्त्रिया' खोडून 'हंगामात गावी राहिलेल्या गरोदर स्त्रिया' केलं. शीर्षकही बदललं. मसुदा सगळ्या सहलेखकांना पाठवला. प्रत्येकाची लेखी मंजुरी आल्याशिवाय जर्नलकडे जाणार नाही.