किती मायक्रॉन चालतील?

सीईटीचा निकाल लागून कॅप राउंडचा ऑप्शन फॉर्म भरायची वेळ आली, की घरातले एक काका हमखास विचारतात, “मेकॅनिकलला आता काय राहिलंय?” त्यांचा स्वतःचा मुलगा बहुधा कॉम्प्युटरला असतो. तरी प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही. एकेकाळी गुणवत्ता यादीतली वरची मुलं ज्या शाखेसाठी धडपडत, तिच्या जागा आज कित्येक कॉलेजांत भरत नाहीत. पण या चार वर्षांत नेमकं काय शिकवतात, असं उलट विचारलं तर काकांचं उत्तर ‘मशीन वगैरे’च्या पुढे सरकत नाही.

आपल्याकडे हे शिक्षण जुनं आहे. पुण्यात १८५४ साली ‘पूना इंजिनिअरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल’ निघालं ते सरकारी बांधकामांना हाताखालची माणसं हवी होती म्हणून. तेच आजचं सीओईपी. मुंबईत १८८७ मध्ये व्हीजेटीआय आलं. तिथे ड्रॉइंग शिकवणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर स्वतः इंजिनिअरिंगचे पदवीधर नव्हते. पुढे त्यांनी लोखंडी नांगर काढला आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसवली. त्यांचे चिरंजीव शंतनुराव मात्र १९२६ साली अमेरिकेतल्या एमआयटीतून मेकॅनिकलची पदवी घेऊन आले. यंत्रविद्या कारखान्यात शिकायची की वर्गात, याची दोन्ही उत्तरं एकाच घरात सापडतात. १९८३ नंतर विनाअनुदानित कॉलेजं निघाली आणि शेगाव, लोणीसारख्या गावांतही ही पदवी मिळू लागली.

पहिलं वर्ष सगळ्या शाखांना जवळपास सारखंच. गणित, फिजिक्स, मेकॅनिक्स, ग्राफिक्स. खरा धक्का बसतो वर्कशॉपमध्ये. बारावीपर्यंत फक्त पेन चालवलेल्या मुलाच्या हातात एक कानस आणि माइल्ड स्टीलचा चौकोनी तुकडा देतात आणि सांगतात, याच्या कडा काटकोनात आण. तासाभरात खांदे भरून येतात. गुण्या लावून तुकडा उजेडाकडे धरला की फटीतून प्रकाश दिसतोच. कानस पुढे ढकलताना हात नकळत वरखाली होतो आणि कड मधोमध फुगीर राहते. शॉपमधले मामा चार हात मारून ती फट घालवतात.

मग हातात व्हर्निअर येतो. तो ०.०२ मिलिमीटरपर्यंत माप दाखवतो, मायक्रोमीटर ०.०१ पर्यंत. एकाच तुकड्याचं माप पाच मुलांनी घेतलं तर उत्तरंही पाच येतात. इथून पुढची सगळी वर्षं मला एकाच प्रश्नाची उजळणी वाटतात: चूक किती चालेल?

२५ मिलिमीटरच्या भोकात २५ मिलिमीटरचा शाफ्ट सैलसर फिरायला हवा, असं समजा. दोन्ही नेमके पंचवीसचे करा, हे उत्तर शाळेतलं. कारखान्यात ‘नेमकं’ असं काही बनतच नाही. म्हणून ड्रॉइंगवर एच-सात, जी-सहा अशी खूण लिहितात. तिचा अर्थ असा: भोक पंचविसापेक्षा जास्तीत जास्त २१ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) मोठं चालेल, शाफ्ट मात्र ७ ते २० मायक्रॉन लहानच हवा. म्हणजे दोघांमधली फट कमीत कमी ७, जास्तीत जास्त ४१ मायक्रॉन. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो. आणि ही मुभा, म्हणजे टॉलरन्स, जितकी आवळाल तितकी किंमत चढते, कारण लेथवर भागणारं काम ग्राइंडिंगवर न्यावं लागतं. नवा पदवीधर हौसेने सगळीकडे कडक टॉलरन्स टाकतो, मग भोसरीचा वर्कशॉपवाला फोन करतो, “साहेब, इथे एवढं कशाला लागतंय?” त्याचं बहुतेक वेळा बरोबर असतं.

दुसऱ्या वर्षी स्ट्रेंथ ऑफ मटेरिअल्स येतो, मुलांच्या भाषेत ‘सॉम’. त्याच्या प्रॅक्टिकलला पोलादाची सळई यंत्रात दोन्हीकडून धरून ओढतात. भाराचा काटा चढत जातो, मग एकदम थबकतो. सळई लांबत असते, पण भार वाढत नाही. हा यील्ड पॉइंट. पुढे भार पुन्हा चढतो, सळईला एका जागी बारीक कंबर पडते आणि धाडकन तुकडे होतात. लगेच हात लावला तर ते कोमट लागतात. साधं पोलाद यील्ड होतं चौरस मिलिमीटरला साधारण २५० न्यूटनवर. म्हणजे एक चौरस सेंटिमीटर छेदाची सळई अडीच टनांपर्यंतचा भार सोसते आणि भार काढला की मूळ लांबीवर येते.

तिसऱ्या वर्षी मशीन डिझाइनचे सर विचारतात, अडीच टन सोसते ना, मग किती टांगशील? लिफ्टच्या दोरांना सुरक्षा गुणक दहाच्या आसपास धरतात, म्हणजे सोसेल त्याच्या दहाव्या हिश्शाएवढाच भार टांगतात; विमानाच्या सांगाड्याला अवघा दीड. विमानालाही दहा धरला तर ते स्वतःच्याच वजनाने जमिनीवर बसून राहील. तिथली कसर काटेकोर चाचण्यांनी आणि वरचेवर होणाऱ्या तपासणीने भरून काढतात. या विषयाचं देशभर वापरलं जाणारं पुस्तक पुण्याच्या विश्वकर्मा इन्स्टिट्यूटमध्ये शिकवलेल्या प्रा. व्ही. बी. भंडारी यांचं आहे. मुलं त्याला नुसतं ‘भंडारी’ म्हणतात.

थर्मोडायनॅमिक्सने बहुतेकांना घाम फुटतो, पण त्यातला एक हिशोब वीजबिल भरणाऱ्या प्रत्येकाने करून पाहावा. सादी कार्नो या फ्रेंच इंजिनिअरने १८२४ साली दाखवून दिलं, की उष्णतेवर चालणाऱ्या इंजिनाची कमाल कार्यक्षमता दोनच तापमानांवर ठरते. वाफ ५४० अंश सेल्सिअसची आणि थंड टोक ४० अंशांचं असेल, तर ती कमाल सुमारे ६१ टक्के. कोळशावरची चांगली केंद्रं प्रत्यक्षात ३५ ते ४० टक्क्यांवर चालतात. कोराडीला किंवा चंद्रपूरला इंडस्ट्रिअल व्हिजिटला गेलेली मुलं ज्या कूलिंग टॉवरपुढे सेल्फी काढतात, तिथून बाहेर पडतो तो धूर नव्हे, पाण्याची वाफ असते; जळालेल्या कोळशातली निम्म्याच्या आसपास उष्णता त्या वाटेने निघून जाते. डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेली मुलं लेथवर इतरांपेक्षा सरस असतात, पण थर्मोडायनॅमिक्सला आणि एम-थ्री या गणिताच्या पेपरला टरकून असतात.

आता कॉलेजात आणखी जे चालतं तेही सांगायला हवं. काचेखाली दिवा लावून दुसऱ्याची शीट छापून काढायची, त्याला जीटी मारणं म्हणतात. जर्नल तर रात्रभर जागून एकमेकांचं उतरवतात. ओरलला बाहेरचे सर येतात, दोन प्रश्न विचारतात, सही होते. केटी लागली, म्हणजे विषय राहिला, तर पुढच्या परीक्षेला बघू. कित्येक ठिकाणी वीस जणांच्या बॅचमध्ये लेथला हात लावतात दोघं, बाकीचे भिंतीला टेकून उभे. अभ्यासक्रम बदलला पाहिजे असं सगळे म्हणतात. माझ्या मते आधी ही भिंत सोडवावी.

जिथे मुलं खरोखर हात काळे करतात तिथे चित्र निराळं असतं. २००७ साली पिथमपूरला सुरू झालेल्या बाहा स्पर्धेसाठी कॉलेजांचे संघ खडबडीत रस्त्यावर धावणारी एका माणसाची गाडी बांधतात. इंजिन सगळ्यांना सारखंच असल्यामुळे फरक पडतो तो सस्पेन्शन, गिअरबॉक्स आणि वजनात. शेवटी चार तासांची सहनशक्तीची शर्यत असते. तिच्यात वेल्डिंग उकललं की कुणाचं गणित कच्चं होतं, तेही उघडं पडतं. संघात आता मुलीही वेल्डिंगचा मुखवटा चढवून दिसतात, पण वर्गात त्या अजून थोड्याच. इला मजुमदार शिबपूरच्या बंगाल इंजिनिअरिंग कॉलेजातून मेकॅनिकल इंजिनिअर होऊन बाहेर पडल्या त्या १९५१ साली, हे लक्षात घेतलं तर आपली चाल फारच मंद म्हणायची.

आणि काकांचा प्रश्न? पदवीनंतर चाकण, वाळूज किंवा अंबडला ट्रेनी इंजिनिअर म्हणून लागणाऱ्याला शिफ्ट असते, तेलाचे डाग असतात आणि पहिला पगार आयटीतल्या मित्रापेक्षा अनेकदा कमी असतो. म्हणून बरेच जण आयटीतच जातात. काही जण गेट देऊन सरकारी कंपन्यांत किंवा एम.टेक.ला. इलेक्ट्रिक गाड्यांमुळे ही शाखा बुडणार, असंही ऐकू येतं. पिस्टन, क्लच, सायलेन्सर जातील हे खरं. पण बॅटरीचा गठ्ठा तापू द्यायचा नाही, हा निव्वळ हीट ट्रान्सफरचा प्रश्न आहे, आणि त्या जड गठ्ठ्याला पेलणारी चासी सॉम शिकलेल्या माणसालाच करावी लागणार. काम संपलेलं नाही. जर्नल उतरवून पास झालेल्याला ते मिळणार नाही, एवढंच.

तेव्हा ऑप्शन फॉर्म भरण्याआधी प्लेसमेंटचं रंगीत पत्रक बाजूला ठेवा आणि मुलाला किंवा मुलीला घेऊन त्या कॉलेजचं वर्कशॉप एकदा बघून या. लेथखाली ताजा चुरा पडलेला असेल, मोजमापाची यंत्रं कपाटात कुलूपबंद नसतील आणि मामांना मुलांची नावं माहीत असतील, तर ते कॉलेज यादीत वर घ्या. लेथवर धूळ बसलेली असेल तर पुढच्या कॉलेजात जा.