खुंट्यावरचा दुसरा हात

माझी ओळख दोन वाक्यांत संपते. पोटासाठी मी कोल्हापूरच्या मार्केट यार्डात, एका गुळाच्या अडत दुकानात हिशेब लिहितो. उरलेल्या वेळात कविता लिहितो. पण या उरलेल्या वेळात माझा आणखी एक उद्योग चालतो. मी जात्यावरच्या ओव्या गोळा करतो आणि तीन-चारशे वर्षांपूर्वीच्या मुसलमान मराठी कवींचे ग्रंथ वाचत बसतो. घरच्यांना याची सवय झाली आहे. बाहेरच्या मित्रांना मात्र नवल वाटतं.

कविसंमेलनांच्या निमित्तानं पुण्या-नागपूरकडचे बरेच मित्र जोडले गेले. त्यांचे फोन येतात. गप्पा रंगल्या की तीनपैकी एक प्रश्न हमखास येतो. "घरी तुम्ही उर्दूच बोलत असाल ना?" "मग हे ओव्यांचं वेड कुठून लागलं?" आणि "तुमची प्रेरणा कोण? गालिब की तुकाराम?" विचारणारे प्रेमानंच विचारतात. पण फोनवर पाच मिनिटांत सांगण्यासारखं हे उत्तर नाही. म्हणून आज जरा सविस्तर सांगतो.

पहिला प्रश्न घरच्या भाषेचा. आमच्या घरी दखनी बोलतात. लखनौचा माणूस आला तर त्याला आमची दखनी अर्धीच कळेल, कारण तिच्यात मराठी मुरलेली आहे. नकार द्यायचा झाला की आम्ही 'नक्को' म्हणतो. तो मराठीतला 'नको'च आहे. एखाद्या शब्दावर जोर द्यायचा तर शेवटी 'च' लावतो. तोही मराठीतलाच. आणि देवघेव एकाच बाजूनं झालेली नाही. मी रोज जी वही लिहितो तिच्यातले शब्द पाहा. जमा, बाकी, रक्कम, वसूल, दलाल, हमाल हे सगळे मुळात अरबी. खर्च हा फारसीतून आला. गूळ मात्र थेट संस्कृतच्या घरचा. संस्कृत घरचा गूळ अरबी नावाचा हमाल पाठीवरून उतरवतो आणि त्याची नोंद मी मराठीत करतो. आमच्या यार्डात सौद्याच्या वेळी एवढा गलका असतो, पण या कारणावरून भांडण झालेलं मी पाहिलेलं नाही.

दुसरा प्रश्न ओव्यांचा. त्याचं उत्तर माझ्या आजीपाशी आहे. आजी कागल तालुक्यातल्या एका खेड्यातली. नमाज चुकवायची नाही. आम्हा पोरांशी दखनीत बोलायची, रागवायची दखनीत. पण पहाटे जात्यावर बसली की तिच्या तोंडून निघायची ती मराठी ओवी. लहानपणी सुट्टीला गेलो की मी तिच्या मांडीला डोकं टेकून झोपायचो. जात्याची घरघर आणि ओवी यांचा मिळून एकच आवाज व्हायचा. पहिली ओवी अल्लाच्या नावाची असे, दुसरी गावातल्या पिराला, तिसरी माहेरच्या भावाला, आणि मग आषाढ जवळ आला असेल तर पंढरीच्या वाटेला लागलेल्या शेजारणीला.

आजी मराठीतच का गात होती, हे मला फार उशिरा कळलं. जातं जड असतं. एकटीनं दळलं तर खांदे भरून येतात. म्हणून दोघी जणी समोरासमोर बसतात आणि एकच खुंटा धरतात. एकीनं ओढायचं, दुसरीनं पुढं ढकलायचं. आजीच्या समोर बसायची ती शेजारची पाटलीण. खुंट्यावर एक हात आजीचा, दुसरा पाटलिणीचा. गाणंही दोघींनी मिळून म्हणायचं. एकीनं ओवी सुरू करायची, दुसरीनं ती उचलून पुरी करायची. मग ती दोघींना येणाऱ्या भाषेतच असणार! आमच्या घरात मराठी शाळेतून आली नाही. ती खुंट्याच्या दुसऱ्या हातानं आली.

ओवी किती जुनी? बाराव्या शतकात चालुक्य राजा सोमेश्वर यानं 'मानसोल्लास' हा ग्रंथ रचला. महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात, असा उल्लेख त्यात आहे. म्हणजे ज्ञानेश्वरांच्या आधीच ओवी उखळापाशी नांदत होती. पुढं ती ग्रंथात गेली तेव्हा तिला शिस्त लागली. चार चरण, पहिल्या तिन्हींच्या शेवटी यमक, चौथा मोकळा. जात्यावरच्या ओवीला असं माप नाही. जात्याचा फेरा लांबला तर अक्षर लांबवायचं, दाणे टाकायला हात गेला तर थांबायचं. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या दोघांनी गावोगाव फिरून अशा ओव्यांची नोंद करण्याचं मोठं काम उभं केलं. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जमवलेल्या ओव्यांची संख्या एक लाखाच्या वर आहे. माझ्या चौदा वह्या त्यापुढं म्हणजे पसाभर दाणे. पण त्या वह्यांत माझ्या आजीचा आवाज आहे, म्हणून मला त्यांचं मोल.

आता तिसरा प्रश्न, प्रेरणेचा.

मी मराठी घेऊन बी.ए. करत होतो तेव्हा 'टीपा लिहा' या सदरात एक नाव भेटलं. शेख महंमद. परीक्षेपुरत्या पाच ओळी पाठ केल्या. पण नाव डोक्यातून जाईना. १८५० साली सुरू झालेलं आमचं करवीर नगर वाचन मंदिर आहे. तिथं रा. चिं. ढेरे यांचं 'मुसलमान मराठी संतकवी' हे पुस्तक मिळालं. ते वाचताना मी अक्षरशः हरखून गेलो. श्रीगोंद्याचे शेख महंमद हे चांद बोधले यांचे शिष्य. त्यांचा 'योगसंग्राम' हा ओवीबद्ध ग्रंथ १६४५ सालचा, म्हणजे तुकारामांच्या काळातला. माणसाचं मन हेच रणांगण, आणि त्यावर विकारांशी लढाई, अशी त्याची मांडणी. पुढं वा. सी. बेंद्रे यांनी तो संपादित केला म्हणून तो आपल्या हाती आला. ते एकटे नाहीत. गीतेवर 'अंबरहुसेनी' ही मराठी टीका लिहिणारे हुसेन अंबरखान आहेत. 'सिद्धान्तबोध' रचणारे शहामुनी आहेत. पेशवाईच्या अखेरीला लावण्या गाजवणारे सगनभाऊ आहेत. आमच्या कोल्हापूरच्या शाहिरीत लहरी हैदर हे नाव आजही आदरानं घेतात. 'शाहीर' हा शब्दच मुळी अरबी 'शायर'वरून आलेला.

आणि आमच्या गावाला राजा कसा लाभला होता! १९०६ मध्ये कोल्हापुरात मोहामेडन एज्युकेशन सोसायटी निघाली तेव्हा राजर्षी शाहू महाराज स्वतः तिचे अध्यक्ष झाले. मुसलमान मुलांसाठी बोर्डिंग झालं. कुराण मराठीत यावं म्हणून त्यांनी भाषांतराचं काम हाती घेतलं आणि त्यासाठी दरबारचा पैसा घातला. प्रार्थनेचा अर्थ आपल्या भाषेत कळावा, एवढी साधी गोष्ट त्यांना महत्त्वाची वाटली.

इतकं सांगितल्यावर मित्र म्हणतात, मग तुमचं सगळं सुरळीतच आहे! तसं नाही. एका गावी कविसंमेलनात माझी ओळख करून देताना सूत्रसंचालक म्हणाले, "हे मुसलमान असूनही उत्तम मराठी लिहितात." टाळ्या झाल्या. मी शाल-श्रीफळ घेतलं, हसलो, कविता वाचली. परतीच्या एस.टी.त तो 'असूनही' मला टोचत राहिला. पुढं महिन्याभरानं नात्यातल्या एका लग्नात एक वडीलधारे गृहस्थ म्हणाले, "आपल्यातला असूनही ओव्या कसल्या लिहितोस?" दोन्हीकडून शब्द तोच! त्या रात्री मी 'योगसंग्राम' काढून बसलो. शेख महंमदांनीही आपल्याला लोक 'अविंध' म्हणतात हे लपवलेलं नाही. ते स्वतःच तो शब्द वापरतात आणि त्याच ओघात अंतरीच्या गोविंदाची गोष्ट सांगतात. पावणेचारशे वर्षांपूर्वी या माणसानं 'असूनही' पचवला होता. अलीकडं त्यांच्याच स्थानाला मंदिर म्हणायचं की दर्गा, यावरून वाद झाला. तो वाचून वाईट वाटलं. त्यांना मात्र त्याचं नवल वाटलं नसतं.

शेवटी एक प्रसंग सांगतो. दर आषाढीला मी एक ओवी लिहून ओळखीच्या चाळीस-पन्नास जणांना मोबाइलवर पाठवतो. २०२३ च्या जूनमध्ये आमच्या शहरात मोबाइलवरच्या काही स्टेटसवरूनच वातावरण पेटलं. ७ जूनला बंद झाला, दगडफेक झाली, इंटरनेट बंद ठेवावं लागलं. आमच्या दुकानाचं शटरही खाली होतं. त्या वर्षी आषाढी एकादशी आणि बकरी ईद एकाच दिवशी, २९ जूनला आली होती. मुलगी म्हणाली, "अब्बा, या वर्षी काही पाठवू नका. कोण काय अर्थ काढील सांगता येत नाही." मला तिचा राग आला नाही. तिची भीती खोटी नव्हती. मी लिहिलेली ओवी वहीत ठेवून दिली. भाषेला घाबरण्याची ती माझी पहिलीच वेळ होती.

चार दिवसांनी यार्डात रवे उतरवता उतरवता एका हमालानं विचारलं, "भाई, औंदा ओवी न्हाई आली? आमची म्हातारी रोज इचारतीया." त्याची आई मोबाइल वाचत नाही. दरवर्षी पोराकडून ती ओवी वाचून घेत होती, हे मला ठाऊकच नव्हतं.

त्या संध्याकाळी मी वही घेऊन त्याच्या घरी गेलो. म्हातारी ऐंशीच्या पुढची, माहेर कागलकडचं. माझी ओवी तिनं ऐकून घेतली आणि "चांगली हाय" एवढंच म्हणाली. मग मी आजीची एक ओवी म्हणायला घेतली, भावाची. पहिला भाग म्हणून मी श्वास घ्यायला थांबलो, तर पुढचा भाग तिनं उचलला. माझ्या वहीत होता तसा नव्हता. शब्द वेगळे होते, आणि खरं सांगतो, आजीच्या शब्दांपेक्षा सरस होते. म्हणताना तिचा उजवा हात आपोआप गोल फिरत होता. पोरगा दारात उभा राहून बघत होता. म्हणाला, "भाई, ही आमच्या म्हातारीची ओवी. तुमच्याकडं कुठनं आली?"

मी त्या ओळी तिथंच उतरवून घेतल्या. घरी येऊन मुलीला दाखवल्या. तिनं काही न बोलता मोबाइल माझ्या हातात दिला, आणि आठवडाभर उशिरा का होईना, त्या वर्षीची ओवी गेली.

तेव्हा मित्रहो, माझ्या वेडाचं कारण हे असं आहे. तुम्हाला एक विनंती आहे. तुमच्या घरात, शेजारात, गावाकडं कुणी ऐंशीच्या घरातली बाई असेल, तर तिच्याजवळ बसा. ओवी म्हण, असं एकदम सांगू नका, ती लाजेल. जात्यावर तुमच्यासमोर कोण बसायचं, एवढंच विचारा. त्या बाईचं नाव सांगता सांगता ओवी येईल. ती आली की उतरवून घ्या, आणि कुणाकडून ऐकली तेही खाली लिहून ठेवा.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)