पोहणाऱ्या स्त्रीचा पोषाख

पाण्यास स्त्री आणि पुरुष हा भेद ठाऊक नाही. ते दोघांनाही सारखेच तारते आणि सारखेच बुडविते. तथापि पाण्यात उतरणाऱ्या पुरुषाच्या अंगावर काय आहे, याची चौकशी समाजाने क्वचितच केली. स्त्रीचे वस्त्र मात्र त्याने पुनःपुन्हा मोजून पाहिले.

आपल्याकडे नदीच्या घाटावर स्त्रिया नेसत्या लुगड्यानिशीच स्नान करीत. नऊवारीचा काष्टा घातला की पाय मोकळे होतात, हे खरे. परंतु आठ मीटरांहून अधिक सुती कापड भिजले म्हणजे त्याचे ओझे अंगास जखडते. युरोपातही याहून निराळी स्थिती नव्हती. अठराव्या शतकात इंग्लंडमधील कुलीन स्त्रिया चाकांच्या लाकडी खोलीत बसून समुद्रात जात आणि पाण्यात झगा वर तरंगू नये म्हणून त्याच्या काठात शिशाचे तुकडे शिवीत. एकोणिसाव्या शतकात लोकरी झगा, विजार आणि मोजे आले. हे सारे पोषाख स्नानाचे होते, पोहण्याचे नव्हते.

स्त्री खरोखर पोहू लागली तेव्हा पोषाख बदलणे भाग पडले. ऑस्ट्रेलियाच्या ॲनेट केलरमन हिचे पाय बालपणी अधू होते. उपचार म्हणून ती पोहावयास शिकली आणि पुढे तिने अंगाबरोबरचा एकसंध पोषाख रूढ केला. १९१२ साली स्टॉकहोमच्या ऑलिंपिकमध्ये स्त्रियांच्या पोहण्याच्या शर्यती प्रथमच झाल्या. तरीही १९२२ साली वॉशिंग्टनमध्ये पोलीस हाती फीत घेऊन, पोषाख गुडघ्यापासून किती वर आहे, हे मोजीत होते. त्यानंतर चारच वर्षांनी गर्ट्रूड एडर्ली हिने इंग्लिश खाडी पोहून पार केली आणि पुरुषांचा तोवरचा उच्चांक सुमारे दोन तासांनी मोडला. तिचा पोषाख दोन तुकड्यांचा होता. पॅरिसमध्ये १९४६ साली बिकिनी अवतरली ती प्रदर्शनासाठी. एडर्लीचे दोन तुकडे मात्र केवळ हातपाय मोकळे राहावेत म्हणून होते.

मराठी समाजात हा विषय १९३८ साली गाजला. आचार्य अत्रे यांनी लिहिलेल्या आणि मास्टर विनायक यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘ब्रह्मचारी’ चित्रपटात मीनाक्षी शिरोडकर पोहण्याच्या पोषाखात पडद्यावर आल्या. पुष्कळांस तो धक्का वाटला. चित्रपट मात्र चांगलाच चालला. पुढे २९ सप्टेंबर १९५९ रोजी आरती साहा यांनी इंग्लिश खाडी पार केली, तेव्हा साऱ्या देशाने त्यांचा पराक्रम पाहिला. पोषाखाकडे पाहण्याचे कारणच उरले नाही.

बडोदे संस्थानात सयाजीराव महाराजांनी १९०६ साली प्राथमिक शिक्षण मुलींनाही सक्तीचे केले. अक्षरओळख हा मुलीचा हक्क ठरला. पाण्याची ओळख मात्र आजही ऐच्छिकच आहे. त्याच बडोद्यात १८ जानेवारी २०२४ रोजी हरणी तलावात सहलीची नाव उलटली आणि बारा मुले व दोन शिक्षिका प्राणास मुकल्या. कित्येकांच्या अंगावर जीवरक्षक जाकीटही नव्हते. तो दोष व्यवस्थेचा होता, बुडालेल्यांचा नव्हे, आणि पोहता येणे हे जाकिटाची जागा घेऊ शकत नाही. परंतु पाण्याकाठी राहणाऱ्या प्रत्येक मुलास आणि मुलीस पोहता यावे, ही अपेक्षा अवाजवी नाही. मुलगी मोठी होऊ लागली की तिचे तलावावर जाणे पुष्कळ घरांतून थांबते आणि पुढे केले जाणारे कारण बहुधा पोषाखाचे असते.

ते कारण आता टिकण्याजोगे नाही. नायलॉन व पॉलिएस्टरचे ताणले जाणारे कापड सुती सलवार-कमीजप्रमाणे पाणी पिऊन जड होत नाही, आणि त्याचे पोषाख मनगटापर्यंत व घोट्यापर्यंतही मिळतात. फ्रान्समधील काही गावांनी २०१६ साली असाच अंग झाकणारा पोषाख किनाऱ्यावर निषिद्ध केला. पूर्वी वस्त्र तोकडे म्हणून दंड, आता लांब म्हणून बंदी. फीत तीच, केवळ मोजणारे हात बदलले. वस्त्र किती असावे, हे जिचे तिने व तिच्या घरच्यांनी ठरवावे. ते अंगास जखडणारे नसावे आणि त्याच्यापायी तिचे पोहणे अडू नये, एवढेच पाहणे पुरे आहे.