कोतोच्या शाळांतली आपत्ती-सज्जता: काही गैरसमज

पूर्व तोक्योतला कोतो विभाग सुमिदा आणि आराकावा या नद्यांमधल्या सखल जमिनीवर वसला आहे. भूकंप झाला की मुलांनी मैदानाकडे पळायचे, हेच शाळेतल्या सरावात शिकवतात, असा सर्रास समज असतो. प्रत्यक्षात हादरे चालू असताना पळायला मनाई असते. सूचना मिळताच मुले बाकाखाली शिरतात आणि बाकाचे पाय दोन्ही हातांनी घट्ट धरतात; बाक सरकला तर डोके उघडे पडते. एरवी खुर्चीवर उशीसारखे असणारे जाडजूड टोपडे डोक्यावर चढवून बाहेर पडायचे, तेही हादरे थांबल्यावर. ढकलायचे नाही, धावायचे नाही, बोलायचे नाही, मागे फिरायचे नाही, हे नियम पहिलीतल्या मुलांनाही पाठ असतात.

मात्र बाकाखालचा सल्ला कुठेही चालतो, हेही खरे नाही. जपानमधल्या जवळजवळ सर्व सरकारी शाळा भूकंपरोधक केलेल्या आहेत, म्हणून तिथे बाकाचा आडोसा पुरतो. पण 1993 च्या भूकंपात महाराष्ट्रातल्या किल्लारीत ज्या दगडमातीच्या जाड भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या, त्यांच्यापुढे बाकाचा काय पाड!

कोतोला धोका फक्त भूकंपाचा, हा समज अधिक घातक. कारखान्यांनी भूजल उपसल्याने इथली जमीन खचली आणि काही भाग भरतीच्या पातळीखाली गेला. कोतोसह पाच विभागांनी 2018 मध्ये काढलेल्या पूर-नकाशानुसार मोठ्या पुराचा फटका सुमारे 25 लाख लोकांना बसू शकतो आणि काही ठिकाणी पाणी दोन आठवड्यांहून अधिक काळ तुंबू शकते. अशा वेळी वरच्या मजल्यावर चढून भागत नाही. पाणी येण्याआधीच परिसर सोडावा लागतो.

शिक्षकांचे ऐकले की झाले, असेही पालकांना वाटते. 11 मार्च 2011 रोजी इशिनोमाकीच्या ओकावा शाळेत भूकंपानंतर मुलांना सुमारे 50 मिनिटे पटांगणातच थांबवले गेले. त्सुनामीत 74 मुले मृत्युमुखी पडली किंवा बेपत्ता झाली. न्यायालयाने ठपका ठेवला तो शाळेच्या आधीच्या अपुऱ्या तयारीवरही. त्याच दिवशी कामाइशी शहरात मुलांनी ठरलेल्या जागेवर न थांबता आणखी उंच ठिकाण गाठले आणि ती बचावली. म्हणून मोठ्यांच्या हुकमाइतकाच मुलांचा स्वतःचा निर्णयही सरावाचा विषय असतो.

घंटा झाली की मूल एकटे घरी येईल, ही अपेक्षाही मोठ्या भूकंपात चुकते. मूल पालकांच्या किंवा ठरलेल्या व्यक्तीच्याच हाती सोपवले जाते, आणि त्याचाही सराव होतो. कोतोच्या ओजिमा भागातल्या भारतीय कुटुंबांनी म्हणूनच ती व्यक्ती आधी ठरवून ठेवावी. फोन लागत नसेल तर 171 या आपत्कालीन निरोप-क्रमांकावर निरोप ठेवता येतो. दर महिन्याच्या 1 आणि 15 तारखेला हा क्रमांक वापरून बघायची सोय आहे.