घटस्फोट झाला, पण कर्जावरची सही कायम!

पती-पत्नीच्या संयुक्त कर्जातून बाहेर कसे पडायचे? हुकूमनाम्याआधी काय करायला हवे?

कन्नड : घर, ट्रॅक्टर किंवा दुकानासाठी कर्ज घेताना अनेकदा पती-पत्नी दोघांच्याही सह्या होतात. एक कर्जदार, दुसरा सहकर्जदार किंवा जामीनदार. पुढे संसार मोडतो, ‘कर्ज पती फेडेल’ असे हुकूमनाम्यात लिहिले जाते. त्याने हप्ते थकवले, तर नोटीस मात्र दोघांनाही येते. असे का?

बँक दोघांनाही का धरते?

घटस्फोट पती-पत्नीमधला असतो, कर्जाचा करार बँकेशी. बँक त्या खटल्यात पक्षकार नसल्याने तिचा वसुलीचा हक्क कायम राहतो. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ४३ नुसार सहकर्जदारांपैकी कोणाकडूनही पूर्ण रक्कम मागता येते. ‘माझा निम्मा वाटा घ्या आणि मला मोकळे करा’ हे चालत नाही. कलम १२८ नुसार जामीनदाराची जबाबदारी, करारात वेगळे ठरले नसेल तर, मूळ कर्जदाराइतकीच असते. पतसंस्थेच्या कर्जात सहकार कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला जामीनदाराविरुद्धही निघू शकतो.

हप्ते थकले तर?

थकबाकीची नोंद दोघांच्याही सिबिल अहवालात होते. थकबाकी साधारणपणे ९० दिवसांपेक्षा जास्त राहिली की खाते ‘एनपीए’ ठरते. घर तारण असेल तर बँक सरफेसी कायद्याखाली ६० दिवसांची नोटीस देऊन ताब्याची कारवाई करू शकते. शेतजमिनीला हा कायदा लागू नाही. मात्र वसुलीचे इतर मार्ग खुले राहतात.

सुटकेचे मार्ग कोणते?

- मालमत्ता विकून कर्ज पूर्ण फेडणे. हा सर्वात स्वच्छ मार्ग.
- एकाने स्वतःच्या उत्पन्नावर नवे कर्ज घेऊन जुने खाते बंद करणे.
- दुसरा जामीनदार किंवा सहकर्जदार देऊन नाव कमी करून घेणे. यासाठी बँकेची लेखी मंजुरी हवीच. तोंडी आश्वासन उपयोगाचे नाही.
- पीककर्ज किंवा कॅश क्रेडिटचे नूतनीकरण असेल तर पुन्हा सही न करणे. चालू स्वरूपाची हमी कलम १३० नुसार नोटीस देऊन पुढील व्यवहारांपुरती मागे घेता येते. आधीची बाकी मात्र सुटत नाही.

दुय्यम निबंधक कार्यालयात हक्कसोड पत्र केले म्हणजे कर्ज सुटले, हा गैरसमज आहे. त्याने घरावरचा हक्क जातो, हप्त्याची जबाबदारी राहते. म्हणून आधी कर्जातून नाव काढावे, मगच हक्क सोडावा.

हे कधी करावे?

हुकूमनाम्याआधी. परस्पर संमतीच्या घटस्फोटात हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३-ब नुसार दोन टप्प्यांत साधारण सहा महिन्यांचे अंतर असते. न्यायालय ते माफ करू शकते. या काळात बँकेकडून बाकीचा दाखला घ्यावा. कर्ज कोण, कोणत्या तारखेपर्यंत फेडणार आणि न फेडल्यास दुसऱ्याला भरपाई कशी मिळणार, हे संमतीच्या अटींत स्पष्ट लिहावे.

आधीच पैसे भरावे लागले असतील तर?

पावत्या जपाव्यात. जामीनदाराला कलम १४५ नुसार भरलेली रक्कम मूळ कर्जदाराकडून मागता येते. सहकर्जदार दुसऱ्याकडून त्याचा वाटा मागू शकतो. हुकूमनाम्यात अट असेल तर अंमलबजावणीसाठी न्यायालयात अर्ज करता येतो.

सिबिलचा पूर्ण अहवाल वर्षातून एकदा मोफत मिळतो. तो तपासून नाव अजून कोणत्या कर्जाला जोडलेले आहे हे पाहावे. महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी सेवेचा हक्क आहे; त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करता येतो.